मेयर पीटबद्दल विचारलंस म्हणून

डे मॉइन, आयोवा
८ मार्च २०२०

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, ज्याच्यासाठी एवढा नाचत होतास तो तुझा मेयर पीट बुटिजेज डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेऊन गेला ना घरी, मग आता बोल की. तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोललो, एक तर गाडी चालवत होतो आणि दुसरं म्हंजे डोकं फिरलेलं होतं, तुझ्यावर नाही रे, एकूणच. आज रविवार, घरात शांतता आहे, तर सगळं नीट लिहितो. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुझा पहिला प्रश्न, लाखभर वस्तीच्या गावचा नगराध्यक्ष डायरेक्ट राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला उभा राहतोच कसा, कोणी अडवत नाही का. नाही अडवत. जन्माने अमेरिकन, वय ३५ पूर्ण आणि १४ वर्षं देशात राहिलेला, एवढं असलं की झालं. पीट बुटिजेज ३७ व्या वर्षी उभा राहिला. पण कायद्याने चालतं म्हणून लोक निवडून देतात असं थोडंच आहे, मेयरच्या खुर्चीतून उठून थेट व्हाइट हाऊसमध्ये आजवर एकही माणूस गेलेला नाही. क्लीव्हलँड आणि कूलिज हे राष्ट्राध्यक्ष कधीकाळी मेयर होते पण मधे गव्हर्नर वगैरे होऊन गेले. न्यूयॉर्कचे माजी मेयर जुलियानी २००८ ला आपटले, आणि तिथलेच माजी मेयर ब्लूमबर्ग तर ह्याच बुधवारी बाहेर पडले, ५० कोटी डॉलर्सच्या वर उधळून. आणि ही न्यूयॉर्कची माणसं, ह्याचं गाव कुठलं तर इंडियानातलं साऊथ बेंड.

एक लक्षात घे, तिथला मेयर म्हणजे आपल्याकडच्या महापौरासारखा नाही, की फिती कापायच्या, हार घालून घ्यायचे आणि खरा कारभार आयुक्तांचा. तिथे वर आयुक्तच नाही. पोलीसप्रमुख कोण, गटारं कधी दुरुस्त होणार, बर्फ पडला तर रस्ते कधी मोकळे होणार, सगळं त्याच्याच डोक्यावर. मला तो आवडला तो इथेच, आणि तो गोत्यात आला तोही ह्याच्यामुळेच, हेच तुला सांगायचंय खरं तर.

साऊथ बेंडला स्टुडबेकर नावाची गाड्यांची कंपनी होती, तिचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद पडला आणि गाव उतरणीला लागलं ते लागलंच. १९६० ला १ लाख ३२ हजार माणसं होती, २०१० ला उरली १ लाखाच्या थोडी वर. माणसं गेली, घरं राहिली, म्हंजे खिडक्या फुटलेली, छप्पर खचलेली रिकामी घरं गल्लोगल्ली. २०११ च्या सुरुवातीला एका मासिकाने तर मरायला टेकलेल्या शहरांच्या यादीतच टाकलं गावाला. त्याच वर्षी हा २९ वर्षांचा पोरगा, हार्वर्ड, ऑक्सफर्ड आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी करून परत गावात आलेला, आदल्याच वर्षी राज्याच्या खजिनदाराच्या निवडणुकीत सडकून हरलेला, मेयरला उभा राहिला आणि ७४ टक्के मतं घेऊन आला.

मग त्याने जाहीर केलं, १००० दिवसांत १००० घरांचा निकाल लावणार. काही पाडली, काही दुरुस्त केली आणि मुदतीच्या आधीच आकडा गाठला. आता बघ, खासदार असता तर म्हणाला असता मी अमुक बिलाला पाठिंबा दिला, विरोधकांनी हाणून पाडलं. मेयरला ती सोय नाही. घर पडलं की नाही ते शेजारच्या बाईला खिडकीतून दिसतं. पण त्यातली कितीतरी घरं काळ्या आणि लॅटिनो लोकांच्या मोहल्ल्यातली, कोणाच्या आजीचं, कोणी भाड्याने द्यायला घेतलेलं, दुरुस्तीला पैसे नाहीत आणि वर दंडाच्या नोटिसा. ते लोक चिडले, मग नियम थोडे सैल केले वगैरे, पण १००० हा आकडा भाषणात जेवढा भारी वाटतो तेवढा त्या गल्लीत वाटत नसणार. गटारांचं काम मात्र मला जाम आवडलं. जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि मैला एकाच पाइपातून जातो, जोराचा पाऊस झाला की पाइप भरतो आणि सगळं नदीत. ह्यांनी गटारात सेन्सर बसवले, कुठला पाइप भरलाय, कुठला रिकामा आहे ते कळतं आणि पाणी तिकडे वळवतात. हे कोणी प्रचारात सांगतं का? हा सांगायचा, आणि लोक ऐकायचे पण.

आता तुझ्या खात्याची गोष्ट. तू सुभेदार होऊन रिटायर झालेला माणूस, ऑफिसर म्हटलं की तुझ्या कपाळावर आठी. तर हा नेव्ही रिझर्व्हमध्ये, म्हंजे नौदलाच्या राखीव दलात, २००९ मध्ये डायरेक्ट कमिशन, म्हंजे नेहमीचं लांब प्रशिक्षण न करता थेट ऑफिसर, इंटेलिजन्स ऑफिसर, शेवटी लेफ्टनंट, म्हंजे तुमच्याकडचा कॅप्टन. २०१४ मध्ये, मेयर असतानाच, ऑर्डर आली आणि हा ७ महिने अफगाणिस्तानात. गाव डेप्युटीच्या हवाली. काबूलमध्ये टेबलावरचं काम होतंच, शिवाय आपल्या कमांडरची गाडी हाच चालवायचा, रायफल जवळ ठेवून, तळाच्या बाहेर शंभराच्या वर फेऱ्या झाल्या त्याच्या. काही माजी सैनिकांनी नाकं मुरडली की शॉर्टकटने ऑफिसर झाला आणि सात महिन्यांवर किती मिरवतो. ते तू ठरव, तुला मी काय शिकवणार. माझ्या मते मिरवलं थोडं, पण खोटं नाही सांगितलं. आणि एक विसरू नकोस, तो भरती झाला तेव्हा फौजेत समलिंगी असल्याचं कळलं की घरी पाठवायचे, तो नियम सप्टेंबर २०११ मध्ये गेला. काबूलहून परत आल्यावर २०१५ च्या जूनमध्ये त्याने गावच्याच पेपरात लेख लिहून सांगून टाकलं की मी गे आहे. निवडणूक तोंडावर, राज्याचा गव्हर्नर कोण तर समलिंगी हक्कांना विरोध करणारा माइक पेन्स! नोव्हेंबरमध्ये लोकांनी ८० टक्के मतं देऊन परत बसवला. लेका, मी खूप वेळ विचार करत बसलो होतो त्यावर. स्टेजवर तो म्हणायचा की युद्धावर जाऊन आल्यावर वाटलं, एकच आयुष्य आहे आणि प्रेम म्हणजे काय तेच माहीत नाही, असं मरायचं नाही. २०१८ मध्ये लग्न केलं.

बरं, त्या ८० टक्क्यांत एक गंमत आहे, मतं मोजली तर साडेआठ हजारांच्या आसपास. विरोधकांनी ह्यावरून किती टपल्या मारल्या असतील विचार कर.

३ फेब्रुवारीच्या रात्रीचं सांगतो. पक्षाचा उमेदवार ठरवायला आयोवात मशीनचं बटण नाही की मतपेटी नाही, कॉकस असतो. संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये जायचं आणि ज्याला पाठिंबा त्याच्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर उभं राहायचं. तुझा शेजारी, तुझ्या पोरांची टीचर, सगळ्यांना दिसतं तू कुठे उभा आहेस ते. मग डोकी मोजतात. ज्या कोपऱ्यात १५ टक्के भरत नाहीत तो कोपरा बाद, तिथल्या लोकांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी जायचं, आणि तेव्हा जी ओढाओढ सुरू होते ती बघण्यासारखी असते, तिकीट लावलं तरी चालेल. आमच्याकडे बायडनचा, म्हंजे पीटच्याच पक्षातल्या दुसऱ्या उमेदवाराचा, कोपरा बाद झाला. तिथे नेव्हीची टोपी घातलेले एक आजोबा होते, वय ऐंशीच्या पुढे, घडीच्या खुर्चीवर बसलेले. आमच्या पीटच्या कोपऱ्याची कॅप्टन म्हंजे कॉलेजमधली पोरगी, ती धावतच गेली, सर आमचा उमेदवारपण नेव्हीतला आहे, अफगाणिस्तानात होता, वगैरे वगैरे. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो तिकडे होता तेव्हा गाव कोण चालवत होतं? पोरगी गप्प. मी पुढे होऊन सांगितलं, डेप्युटी मेयर होता, त्याच्याकडे चार्ज देऊन गेला होता. आजोबा म्हणाले, मग त्या डेप्युटीला उभा करायचा. असं म्हणून उठले आणि काठी टेकत टेकत क्लोबुशार ह्या आणखी एका उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन बसले! आम्ही सगळे हसलो, काय करणार. पण बाळ्या, वर्दीचं खरं मोल मला त्या रात्री कळलं. वर्दीमुळे म्हातारा ऐकून घेतो, पण उठून तुझ्या कोपऱ्यात येईल ही आशा करू नये. केरी व्हिएतनाम युद्धात लढलेले, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत २००४ ला हरले. मॅकेन तर पाच वर्षांच्या वर व्हिएतनामच्या कैदेत होते, २००८ ला हरले.

पुढचं तू वाचलंच असशील, निकाल कळवायचं ॲप झोपलं, फोन लागेनात, रात्रभर निकालच नाही. पीट मात्र स्टेजवर जाऊन जिंकल्यासारखं बोलून मोकळा. काही दिवसांनी आकडे आले तेव्हा दुसरे उमेदवार सँडर्स ह्यांची मतं जास्त पण डेलिगेट, म्हंजे पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, पीटचे जास्त, १४ आणि १२. उघडपणे गे असलेला माणूस इथे असा पहिल्यांदाच पुढे आला. त्याच रात्रीचा एका बाईचा व्हिडिओ फिरत होता, ह्याला पाठिंबा दिल्यावर तिला कळलं की त्याला नवरा आहे आणि ती पाठिंब्याचं भरून दिलेलं कार्ड परत मागायला लागली. म्हंजे वर्षभर जो विषय सगळीकडे चघळून झाला तो तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मग घोडं अडलं कुठे? साऊथ बेंडमध्येच. २०१२ मध्ये, नुकताच मेयर झालेला असताना, त्याने गावच्या पहिल्या काळ्या पोलीसप्रमुखाला पदावरून खाली उतरवलं, फोन रेकॉर्डिंगचं काहीतरी प्रकरण होतं, ते कोर्टात वर्षानुवर्षं चालू राहिलं. आणि गेल्या जूनमध्ये, प्रचार ऐन रंगात आलेला असताना, तिथल्या एका गोऱ्या पोलिसाच्या गोळीने एक काळा माणूस गेला, आणि पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा चालूच नव्हता. हा सगळं टाकून गावी परतला, शाळेत सभा घेतली तर लोकांनी तोंडावर झापलं, समोर बसून ऐकत राहिला. चारच दिवसांनी मायामीत डिबेट. तिथे विचारलं, शहरात २६ टक्के काळे लोक आणि पोलिसांत ६ टक्के, तुझ्या एवढ्या वर्षांत हे सुधारलं का नाही. हा म्हणाला, कारण मला ते जमलं नाही. बस्, एवढंच आधी. पुढे मग बोलला बरंच. मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो. असं उत्तर मी कुठल्या नेत्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं, इथल्या नाही आणि तिथल्याही नाही. माझं मत तिथेच ठरलं.

पण माझ्यासारख्याला जे प्रामाणिक वाटलं ते ज्यांची पोरं रस्त्यावर पोलिसांना घाबरून चालतात त्यांना कसं वाटलं असेल? जमलं नाही, मग आता वरची नोकरी कशी मागतोस? साऊथ कॅरोलायनात डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याहून जास्त काळे लोक, तिथे २९ फेब्रुवारीला ह्याला ८ टक्के. दुसऱ्या दिवशी गावी जाऊन माघार. गोऱ्या आयोवात पहिला, न्यू हॅम्पशरमध्ये सँडर्सच्या अगदी मागे दुसरा, आणि तिथे एकदम हे. बाकी त्याच्यावरचे अर्धे आरोप मला फालतू वाटतात, वाइनच्या तळघरात श्रीमंतांबरोबर जेवला वगैरे, पण हा एक आरोप फालतू नव्हता.

आणि राजकारण बघ कसं असतं. फेब्रुवारीतच बायडनच्या लोकांनी एक जाहिरात काढली होती, बायडन ओबामांबरोबर मोठमोठे कायदे करत होते तेव्हा पीट काय करत होता तर पुलाखाली रंगीत दिवे लावत होता, फुटपाथला शोभेच्या विटा बसवत होता. मला इतका संताप आला होता ती बघून. अरे दिवे लावले तर लावले, लागले तरी ना! आणि २ मार्चला डॅलसमध्ये हाच पीट बायडनच्या शेजारी उभा राहून पाठिंबा देतोय, आणि बायडन म्हणतायत की ह्याला बघून मला माझ्या बोची आठवण येते. बो म्हंजे त्यांचा गेलेला मुलगा, तोही फौजेत होता, इराकला जाऊन आलेला. दुसऱ्या दिवशी मंगळवारी एकदम बऱ्याच राज्यांत पक्षाचं मतदान होतं, त्यात बायडननी १० राज्यं मारली. परवा फोनवर माझं डोकं फिरलेलं होतं ते ह्यामुळे. पीटने केलं ते बरोबर केलं, मत फुटलं असतं, हे मला कळतं, पण ती जाहिरात डोक्यातून जात नाही.

परत उभा राहील का म्हणून विचारलंस. राहील, अवघा ३८ चा आहे. पण मेयरकी १ जानेवारीलाच संपली आणि इंडियाना इतकं रिपब्लिकन की तिथून सिनेटर किंवा गव्हर्नर व्हायचं तर अवघड काम. मधली पायरीच नाही बिचाऱ्याला, म्हणून तर त्याने थेट वरती उडी मारली असं माझं मत.

तुला खरंच जवान म्हणून काय वाटतं ते कळव, सात महिने आणि गाडी चालवणं ह्याला तुझ्या हिशोबात किती मार्क? आणि ऑफिसर आहे म्हणून आधीच कापू नकोस. सुमनवहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. नोव्हेंबरमध्ये मी मुकाट्याने बायडनलाच मत देणार आहे, त्यावरून फोनवर टोमणे मारायचे असतील तर रात्री नऊनंतर कर.

तुझाच,
विज्या