तात्यांचा तराजू

बेळगाव,
गुरुवार, रात्री

प्रिय विन्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालणार असशील तर थांब, पुढं त्याहून मोठं निमित्त आहे. तब्येत बरी. साखर वर, कुंदा बंद.

तात्यांचा तराजू मी विकला.

खडेबाजारातलं दुकान मोडताना ‘मी जपतो’ म्हणून वजनांसकट तुझ्याकडून आणलेला तोच. पुण्याच्या एका बाईंना, 7,000 ला. पैशांपायी नाही रे, कादंबरीपायी. हसू नकोस.

माझा नायक, तो रिटायर कारकून, मिशा वाढवून जुन्या वस्तूंचं दुकान काढतो आणि वस्तूंना नवनवं कुळ लावत सुटतो. पिकदाणी कुठल्याशा संस्थानिकाची, अडकित्ता राणीसाहेबांचा. वस्तूंबरोबर स्वतःचंही कुळ बदलत जातो लेकाचा. सातव्या प्रकरणात त्याच्याकडे तराजू येतो, 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाच्या कोठीघरातला. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, आपल्या बेळगावात. त्याची शंभरी झाल्यापासून इथं जो तो 1924 चं काहीतरी मागत येतो. प्रकरण संपवायला रात्रीचे दोन वाजले. सकाळी बाई आल्या, तराजूपाशी थबकल्या, मी तोंड उघडलं आणि बोलला तो नायक!

एरवी माझ्या दुकानात गिऱ्हाईक कुठलं? पाटीवर नियमाप्रमाणे 60 टक्के कानडी, उरल्या जागेत पेंटरनं मराठी असं कोंबलंय की माणसं भंगार घालायलाच येतात.

बाई भारावल्या. म्हणाल्या, “हे लेखी द्याल? काचेच्या कपाटात शेजारी लावीन.” देतो म्हणालो. आणि रात्री अंथरुणात ताडकन उठून बसलो. वजनं किलोची!

अरे, 1924 ला किलो कुठला? तो आला 1958 नंतर, आणि 1962 पासून तर व्यापारात शेर बंदच झाला. तरी बाया शेरभरच साखर मागायच्या. तात्या किलोचं वजन टाकायचे आणि पैसे शेराचे घ्यायचे. शेरामागे 67 ग्रॅम गेले. काकू दर दिवाळीला त्या ग्रॅमांचा हिशेब काढून तात्यांना दिवाळी नको करायच्या. त्या वजनांवर मी खोटं बोललो, तेही धड नाही. तू सहावीत घासलेला ढब्बू पैसा शिवराई म्हणून सरांना विकलास, पण निदान तांबं तरी खरं होतं. (त्या आठ आण्यांतले माझे चार अजून यायचेत.)

गुडघ्याचं ऑपरेशन करून घे, भिऊ नकोस. लेकीचं नाशिकचं घर लागलं का?

बाई पुढच्या महिन्यात कागद न्यायला येणार. खरं सांगितलं तर तराजू परत येईल, पैसे जातील, जाऊ देत. पण त्यांनी कपाटात दिवेसुद्धा बसवून घेतलेत म्हणे. कधी वाटतं, कागदावर तात्यांचं दुकान आणि ते 67 ग्रॅम एवढंच लिहावं. मग वाटतं, तराजू विकला तो विकला, आता तात्यांनाही विकू का? ते तू सांगायचं.

पत्र मिळालं की फोन कर, पण रात्री आठनंतर. त्याआधी मी दुकानात असतो, आणि तिथं फोन कोण उचलेल, मी की तो, सांगता येत नाही.

तुझा,
बंड्या