शुक्रवारच्या प्रार्थना सभेबाबत सूचना

सर्व सभासदांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

या शुक्रवारी संध्याकाळी 7 वाजता शाहूपुरीत नेहमीच्या घरी सभा आहे. वाचन : नव्या करारातले प्रेषित पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 3. तेरावी-चौदावी वचने बहुतेकांना पाठ आहेत, म्हणूनच विनंती की घरून येताना पूर्ण अध्याय वाचून या. पौल मागचे विसरतो म्हणतो, त्यात त्याने स्वतः ख्रिस्ती मंडळीचा केलेला छळ तर आहेच, पण आधी तो बन्यामिनाचा वंश (इस्राएलातले आपले कुळ), परूशीपण (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ), नियमशास्त्रातली निर्दोषता हेही हानी म्हणून बाजूला काढतो. आपल्याकडे जुन्या पापाची बोचणी सोडा असे पुष्कळदा सांगितले जाते. जुनी सेवा, जुने पद, "आमच्या वेळी" हे सोडायला मात्र कोणी सांगत नाही. आणि हे सगळे पौलाने बंदिवासातून लिहिले आहे. गेल्या मैदानातली ढाल मिरवत बसणारा पैलवान पुढची कुस्ती कशी धरणार, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

विसरणे म्हणजे देणे बुडवणे नव्हे. जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती (लूक 19). कुणाशी अबोला असेल तर जमल्यास सभेआधीच बोलून घ्या.

साक्ष (देवाने आपल्या जीवनात काय केले ते सांगणे) ऐच्छिक आहे. स्वतःचीच सांगावी, दुसऱ्याचा भूतकाळ उकरू नये. इथे ऐकलेले बाहेर सांगू नये.

पवित्र शास्त्र व गीतांचे पुस्तक सोबत आणा. ज्येष्ठांना आणायला गाडी हवी असल्यास गुरुवारपर्यंत गटात कळवा. दुचाक्या शेजाऱ्यांच्या दारात लावू नका.