पावसाचा आकडा छापता, तो मोजतं कोण हेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारची तुमची बारावीनंतर काय वाली पुरवणी वाचली. चार पानं, त्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए, एमपीपीएससी, डेटा सायन्स, हॉटेल मॅनेजमेंट, अगदी रील्स बनवायचा कोर्ससुद्धा आहे, पण हवामानशास्त्राची एक ओळ नाही. आणि त्याच अंकात पहिल्या पानावर मोठ्या टायपात 'हवामान खात्याचा अंदाज पुन्हा फसला'. म्हणजे नावं ठेवायला हे शास्त्र पाहिजे, पोरांना तिकडे पाठवायला नको, असंच ना?

मी इथे इंदूरला कॉलेजात बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, आता रिटायर आहे. माझी भाची एमएस्सी फिजिक्स करून पुण्याला याच विषयात पीएचडी करते आहे. रामबागेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग टीव्हीवर कधी दिसणार? अहो, ती नकाशासमोर उभी राहून हात हलवत नाही, ती पावसाचे थेंब मोजते. खरंच थेंब. डिस्ड्रोमीटर नावाचं यंत्र असतं, त्यात लेसरचा एक पातळ पट्टा सोडलेला असतो, थेंब त्यातून खाली जाताना जितका उजेड अडवतो त्यावरून थेंबाचा आकार कळतो आणि जितका वेळ अडवतो त्यावरून वेग. आणि मग कोळी येऊन तिथे जाळं विणतो आणि यंत्र सांगतं की कोरड्या ठणठणीत दुपारी पाऊस पडतोय! पोरीचा निम्मा वेळ असले खोटे थेंब वेचून काढण्यात जातो, शेजारच्या पर्जन्यमापकाशी मिनिटामिनिटाला ताळा करत बसायचं, कारण त्यातसुद्धा पाला अडकतो आणि धो धो पावसात त्यातली भरली की कलंडणारी छोटी बादली थोडं पाणी मोजायचं चुकवतेच.

आता कुणी म्हणेल थेंब मोजून करायचंय काय. तर ऐका, रडारला पाऊस दिसतो असं आपण म्हणतो पण रडारला दिसतो तो प्रतिध्वनी, आणि हा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. थेंब व्यासानं दुप्पट झाला की त्यातलं पाणी आठपट होतं पण रडारकडे परत येणारा सिग्नल चौसष्टपट. म्हणजे जूनच्या वादळी ढगातले मोजके टपोरे थेंब आणि ऑगस्टच्या झडीतले असंख्य बारीक थेंब, दोन्ही रडारला सारखेच वाटू शकतात आणि जमिनीवर पाणी मात्र वेगळंच पडतं. कुठल्या भागात कुठल्या ढगातून कसे थेंब पडतात हे खाली बसून मोजल्याशिवाय रडारचा आकडा पावसात बदलता येत नाही. वर आपलं दुखणं अजून एक, भोपाळचा रडार इथून सरळ रेषेत साधारण १७० किमी. त्याची सगळ्यात खालची किरण अर्ध्या अंशावर धरली तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ती इंदूरवरून जाते तेव्हा सुमारे ३ किमी उंचीवर असते, हा हिशोब बीएस्सीचं पोरगंही करेल. ढगाचं डोकं दिसलं, पाय काही दिसले नाहीत, आणि आपण इकडे म्हणणार विजयनगरात धुवाधार आणि राजवाड्यावर थेंब नाही तर खातं झोपलंय का!

बरं तुमच्या त्या रोजच्या चौकटीबद्दलही बोलून घेते. 'इंदूर, पाऊस इतके इंच' एवढंच असतं. कुठला पाऊस, कधीचा? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला कोसळलेलं पाणी दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जमा होतं आणि वाचक भांडतात की काल तर पूर आला होता, आज आकडा कसा. शिवाय विमानतळावर मोजलं ते विमानतळाचं. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर, एका फुलक्याएवढं, त्यावरून अख्ख्या इंदूरचा पाऊस ठरवायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

हे झालं जमिनीवरचं. वरची हवा मोजायला जगभर एकाच वेळी फुगे सोडतात, आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या हिशोबानं, भोपाळ, ग्वाल्हेरसारख्या केंद्रांवरून. हायड्रोजनचा फुगा, खाली लोंबणारी छोटी डबी, ती मिनिटाला साधारण ३०० मीटर चढत तापमान, दमटपणा, दाब रेडिओवरून कळवत राहते, वारा तिच्या सरकण्यावरून काढतात, ३० किमीच्या आसपास फुगा फुटला की डबी पडते कुणाच्यातरी शेतात. मग पोलीस येतात, व्हॉट्सअपवर पाकिस्तानी यंत्र सापडल्याचा व्हिडिओ फिरतो. त्या डबीचा आतला फोटो एकदा छापा की पुरवणीत.

आणि हे सगळं शिकायला फार लांब जायचंय असंही नाही. सीहोर जिल्ह्यात, भोपाळपासून ५० किमीवर सिलखेडा इथे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं १०० एकरावर मान्सून मोजायचं केंद्र उभारलंय, मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालं, ढगांचा रडार, वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजणारा प्रोफाइलर, ढगाची उंची मोजणारा सीलोमीटर, सगळं आपल्या भोपाळच्या बाजूलाच. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे मध्य भारतावरूनच जातात म्हणून ही जागा निवडली. इंदूरच्या किती पालकांना हे माहीत आहे? भंवरकुआँच्या कोचिंगवाल्यांना तर विचारूच नका.

रस्ता सोपा नाही पण सरळ आहे. फिजिक्स किंवा मॅथ्समध्ये एमएस्सी करा, नाहीतर पुणे विद्यापीठ, कोचीनचं विद्यापीठ, आंध्र विद्यापीठ इथे थेट याच विषयाचं शिक्षण आहे, मग सीएसआयआर नेट या संशोधनासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर असा वेगळा पेपरच असतो. जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं वेगळं. श्रीमंत नाही होत कुणी, पण 'यात पोट भरत नाही' हेही खरं नाही. आणि डिग्रीचंच म्हणाल तर ज्या शास्त्रज्ञ बाई अण्णा मणी यांनी पुण्याच्या हवामान खात्यात बसून या देशाची मोजणीची यंत्रं देशातच घडवायला लावली त्यांना मद्रास विद्यापीठानं एमएस्सी नाही म्हणून पीएचडी दिली नव्हती, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम करूनसुद्धा. आजच्या मुलींना एमएस्सी करायला तरी अडचण नाही!

तर दोन विनंत्या. पावसाच्या आकड्याखाली ठिकाण आणि 'सकाळी साडेआठपर्यंत' एवढे शब्द छापा, जागा फार जात नाही. आणि पुढच्या पुरवणीत अर्धं पान या विषयाला द्या. लिहायला माणूस मिळत नसेल तर मी लिहीन, भाचीकडून तपासून घेईन, मानधन नको.

आपली नियमित वाचक,
निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापिका,
रामबाग, इंदूर