आप्पांच्या झोपेविषयी

सांगली, रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. इतके दिवस पत्र नाही म्हणून तू रागावला असशील, पण आजचे हे तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला लिहिण्यासारखे नाही. आम्ही सर्व ठीक आहोत, आईचा गुडघा आहे तसाच आहे. विषय आप्पांचा आहे.

पावसाळ्यापासून ते पहाटे झोपेत ओरडत होते आणि आई ते झाकून ठेवत होती. मागच्या महिन्यात त्यांनी झोपेतच असा हात मारला की आईच्या बांगड्या फुटून मनगटात काच गेली. मी दिवा लावला तर चादरीवर हिरव्या काचा, आणि आप्पा लगेच शुद्धीवर येऊन सांगू लागले की उसाच्या फडातून रानडुक्कर तिच्या अंगावर येत होते, त्याला मी हाणत होतो. आपण प्रयोगशाळेची काच फोडली तेव्हाही ज्यांनी छडी उचलली नाही, त्यांना आपण कोणाला मारले हे कळल्यावर काय वाटले असेल, ते तुला सांगायला नको. धाकट्या मामाने देवर्ष्याचे नाव काढले. मी त्यांना मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले.

डॉक्टरांनी पहिले प्रश्न आईला विचारले. झोपेत चालणारा माणूस बहुधा रात्रीच्या पहिल्या प्रहरात उठतो आणि त्याला फारसे काही आठवत नाही. आप्पांचे सगळे पहाटेकडे घडते आणि स्वप्न जसेच्या तसे आठवते. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच राहतो. आप्पांची ती कडीच निसटली आहे. मिनेसोटाच्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी 1986 मध्ये माणसांतील हा विकार प्रथम नीट मांडला. त्याला आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात; आरईएम म्हणजे ही स्वप्नाची झोप. श्वास अडकल्यानेही असेच हातपाय झाडले जाऊ शकतात, म्हणून एक रात्र तपासणीसाठी ठेवले. डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, वर कॅमेरा. "ही तर स्नेहसंमेलनाची रोषणाई झाली," असे म्हणून आप्पांनी तंत्रज्ञाला हसवले. स्वप्नाच्या झोपेत हनुवटीच्या स्नायूची आलेखावरची रेघ सपाट हवी, ती त्यांची थरथरत होती.

उपचार सोपा निघाला. झोपताना मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक दिले आहे; क्लोनाझेपाम या गुंगीच्या गोळीने या वयात तोल जाण्याची भीती, म्हणून ते सध्या नाही. गादी जमिनीवर घेतली, टोकदार कपाट हलवले, आई शेजारच्या खोलीत झोपते. आता ओरडणे बरेच कमी आहे.

मला खाते ते पुढचे. या विकाराच्या पुष्कळ रुग्णांना काही वर्षांनी पार्किन्सन (कंपवात) किंवा ल्युई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो. 24 केंद्रांतील 1280 रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात दरवर्षी सुमारे 6 टक्के लोक त्या वाटेने गेले आणि 12 वर्षांत ते प्रमाण 73 टक्क्यांच्या घरात पोहोचले. ते थांबवणारे औषध अजून नाही. मार्केट यार्डावरून जाताना हल्ली हळदीचा वास येत नाही, असे आप्पा सहज म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी ते लगेच टिपून घेतले, कारण वास जाणे हीही त्या रोगांची आधीची खूण असू शकते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "किती सांगायचे ते तुम्ही ठरवा, पण त्यांनी विचारले तर मी खोटे बोलणार नाही."

तू काकांना त्यांच्या आजाराचे सगळे स्पष्ट सांगितलेस आणि काकूंनी तुझ्याशी अबोला धरला. त्यावरून आयर्विन पुलावर आपले जे भांडण झाले, त्यातले माझे म्हणणे मी आजही पूर्ण सोडलेले नाही: काकांचा हात तेव्हा कापू लागला होता आणि त्यावर गोळी होती, आप्पांना मात्र नुसती वाट पाहायला सांगायची आहे. तरीही हरिपूरच्या जमिनीचे काय करायचे, आईची सोय कशी लावायची, हे त्यांनी डोके शाबूत असताना ठरवावे, आणि तो हक्क आपण काढून घेऊ नये, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. काकांनी कळल्यानंतरच्या दिवसांत काय केले, कोणाशी बोलले, कशावर चिडले, ते मला सविस्तर लिही.

चिन्मयीची दहावी कशी चालली आहे? वहिनींची बदली रद्द झाली हे ऐकून बरे वाटले. नव्या घराचे नंतर बोलू.

पुढच्या महिन्यात पुन्हा मिरजेला जायचे आहे. त्या वेळी तू आलास तर आप्पा तुझ्यासमोर मोकळे बोलतील. उत्तर घरी पाठवू नकोस, टपाल आप्पा स्वतः उघडतात. माझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
अरविंद