वाती वळतानाचं चित्रण

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू नाव सांगून गेलीस त्या स्कॉटिश दिग्दर्शिका मार्गारेट टेटची फिल्म काल पाहिली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात सापडली. 'अ पोर्ट्रेट ऑफ गा', १९५२ सालची, अगदी काही मिनिटांची. गा म्हणजे तिची आई. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचं मोकळं आभाळ, आणि ही बाई सिगारेट ओढतेय, मध्येच खाऊच्या गोड गोळीला चिकटलेला कागद सोलतेय. कॅमेरा तिच्या बोटांवरून हलत नाही. मला रडूच आलं.

मग टेटबद्दल मिळेल ते वाचत बसले. बाबा जेवायला दोनदा हाक मारून गेले. जन्म १९१८ चा, ऑर्कनीतल्या कर्कवॉलचा. एडिंबराला शिकून १९४१ मध्ये डॉक्टर झाली. युद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात होती, आपल्या भारतातही काम करून गेली. आणि तिशी उलटल्यावर, १९५० मध्ये, सिनेमा शिकायला रोमला! तुझ्याहून चार वर्षांनी मोठीच होती की.

परतल्यावर एडिंबराच्या रोझ स्ट्रीटवर तिनं स्वतःची संस्था थाटली, 'अँकोना फिल्म्स'. रोममध्ये ज्या रस्त्यावर राहिली, त्याचंच नाव दिलं. पैशाचं काय, हे मी मुद्दाम शोधलं. ती बदली डॉक्टर म्हणून दवाखाने सांभाळायची आणि त्या कमाईतून फिल्मचा खर्च भागवायची. चित्रण, संकलन, बहुतेक सगळं स्वतःच. विषय तरी कुठले? आई, दाराबाहेरचा रस्ता, बेटांवरचं रोजचं जगणं. पूर्ण लांबीचा चित्रपट करायला मात्र तिला १९९२ साल उजाडलं. सत्तरी ओलांडली होती तिनं. हे वाचून पोटात गोळा आला, तुझ्यापासून लपवत नाही.

तू रात्रपाळीची नोकरी सोडलीस तेव्हा मी आठ दिवस बोलले नाही. एवढी डॉक्टरकी शिकून वाया घालवतेस, असंच मनात होतं. टेटनं डॉक्टरकी टाकली नाही, तिच्यावर सिनेमा पोसला. तुलाही तसंच करायचंय, हे तू सांगत होतीस. मी ऐकून घेतलं नाही. आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळत असेल तर घे. बाबांशी मी बोलते.

आणि एक. गेल्या श्रावणात मी वाती वळत होते, तू मोबाइल घेऊन माझ्या हातांशी आलीस आणि मी हात पदराखाली ओढून घेतले. "डॉक्टर होऊन हे काय काढतेस?" म्हणाले. तुझा चेहरा उतरला, तो मला दिसला होता.

ते चित्रण पुसलं नसशील तर पाठव. पुसलं असशील तर सुट्टीत कॅमेरा घेऊन ये. कापूस पिंजून ठेवते.

तुझी,
आई