पेंटर अण्णा, ही चिठ्ठी तुम्हाला

अण्णा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीय, पण तुमची नात म्हणाली मी वाचून दाखवते, म्हणून इथंच लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहायचं कारण असं की समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा ठेव आधी" म्हणून विषयच संपवता, खंडेनवमीला पण तेच केलंत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात आहे, आणि रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जुने ट्रक नीट करायचा नाद आहे. आधी एक 407, टाटाचा छोटा ट्रक, केली. मग दोन वर्षांपूर्वी 1978 ची बोनेटवाली टाटा 1210 अक्कलकोट रोडला एका भंगारवाल्याकडं कापायला आलेली दिसली, गॅस कटर आणून ठेवलेला होता, मी तिथंच व्यवहार केला आणि भंगाराच्या वजनानं उचलली. इंजिनाचं काम माझ्या आतेभावानं केलं, पाटे (स्प्रिंगा), ब्रेक, वायरिंग आम्ही दोघांनी मिळून केलं, त्यात सहा-सात महिने गेले. ती गोष्ट वेगळी आहे. इथं रंगाचं सांगायचंय.

अण्णा तुमच्याकडं यायच्या आधी मी एका ठिकाणी बोनेट आणि मडगार्ड रंगवून घेतले होते. कुणाचं नाव घेत नाही. गाडी घरी आणली तेव्हा आरशासारखी चमकत होती, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. सप्टेंबरच्या पावसात महिनाभर उभी राहिली आणि डाव्या मडगार्डला मसुराएवढे फोड आले, मग चिंचोक्याएवढे, मग एक पापुद्रा हातात आला आणि खाली सगळा गंज. मला अक्षरशः रडू आलं. पैशाचं एक दुःख होतंच, पण आपण तिला कापण्यातून वाचवून आणली आणि परत तिला सडायला लावली असं वाटलं.

तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा रंगाकडं बघितलंच नाहीत. खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलंत, बहुतेक जुन्या स्पीकरचं, त्याला रुमालाचा तुकडा गुंडाळलेला, आणि बोनेटवरून हळूहळू फिरवत गेलात. पत्रा असेल तिथं ते धरायचं, आणि मडगार्डच्या वळणावर गेलं की निसटून पडायचं. "इथं पत्रा नाही, पुट्टीच आहे रे नुसती," म्हणालात. खरवडलं तर बोटभर जाड थर निघाला. मग तुम्ही समजावलंत की ही पुट्टी, म्हणजे खड्डे भरायचा लगदा, पाणी पिते, तिला पाणी लावून घासायचं नाही, कोरडीच घासायची, आणि यांनी पाण्यानं घासून त्याच दिवशी वर प्रायमर मारला, मग ते पाणी जाणार कुठं, आत बसून पत्रा खाणारच. फोड पावसानं आले असं मी धरून चाललो होतो, पण पाणी आधीपासून आतच कोंडलेलं होतं. ही गोष्ट मला त्याआधी कुणीच सांगितली नव्हती, पैसे घेणाऱ्यांनी तर नाहीच.

त्यानंतर सगळं पत्र्यापर्यंत उतरवलं. 80 नंबरचा पेपर, मग 120, मग 220, गंज गेला की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, रात्रभर उघडा पत्रा ठेवायचा नाही. माझ्या बोटांची सालटी गेली पण तुम्ही साठीच्या पुढचे असून माझ्याबरोबर बसून घासत होता त्यामुळं थांबायची सोयच नव्हती.

आणि मग ते ओरिजिनलचं. ह्याच्यासाठी तुमचे आभार सगळ्यात जास्त.

मी डोक्यात घेऊन बसलो होतो की गाडी कंपनीतून निघाली तशी करायची. टाटांनी 1954 ला जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, 1969 ला तो करार संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तारा जाऊन टाटांचा टी आला, पण नाकाची ठेवण तीच राहिली, हे सगळं मी तोंडपाठ सांगायचो. रात्र-रात्र जुने फोटो बघायचो, केबिनचा नेमका कंपनीचा रंग कुठला म्हणून. तुम्ही एकदा सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कुठली केबिन कंपनीची? कंपनीतून चासी यायची, पुढं बोनेट आणि काच बसवायची चौकट. केबिन इथल्या सुतारानं बांधली, हौदा इथल्या सुतारानं बांधला, रंग आमच्यासारख्यानं दिला. तू फोटोत कुणाला शोधालास?"

मी गप्पच झालो. खरंच आहे ना, त्या काळात बहुतेक ट्रक असेच उघड्या चासीवर यायचे आणि गावोगावच्या बॉडीवाल्यांकडं पूर्ण व्हायचे, पंजाबातली केबिन वेगळी, आपल्याकडची वेगळी, म्हणजे माझ्या गाडीचं ओरिजिनल कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडणारच नव्हतं. ते इथल्याच कुणाच्या तरी हातात होतं.

मग आपण फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, कोरडा घासायला घेतला तेव्हा थर मोजत गेलो, आठवतंय? वर तपकिरी, त्याखाली निळा, मग परत तपकिरी, मग केशरी, आणि सगळ्यात खाली पिवळ्यावर लाल किनार आणि एका कमळाची अर्धी पाकळी. माझा हात सवयीनं चालूच होता, तुम्ही मनगट धरलंत. तेवढी वीतभर जागा घासायची नाही म्हणालात, तिच्या कडेनं खडूनं चौकोन आखलात आणि त्यावर नुसतं क्लिअर, म्हणजे बिनरंगाचं वार्निश, मारलं. आज कुणीही गाडी बघायला आलं की मी आधी त्यांना मागं नेतो आणि तो चौकोन दाखवतो. तुमची नवी किनार त्या जुन्या लाल किनारीला जिथं येऊन मिळते तिथला रंग तुम्ही चार वेळा मिसळलात, पहिले तीन मला तर सारखेच दिसत होते.

बाजूच्या फळ्यांवरच्या चादरीच्या किनारीचं पण सांगितलं पाहिजे. मी नुसतं बोलून गेलो होतो की सोलापूरची गाडी आहे तर आपल्या चादरीची नक्षी असावी. तुम्ही म्हणालात नक्षी आण. मी कारखान्यातल्या डिझायनरकडून जकार्डचा आलेखाचा कागद आणला, चौकोन-चौकोनाचा, आणि तुम्ही दोऱ्याला खडूची पूड लावून, एका टोकाला मला धरायला लावून, फळीवर टण टण दोरी मारत इंचा-इंचाचे चौकोन पाडलेत. मग काठी टेकवून, काठीच्या टोकाला कापडाचा गोळा, त्यावर मनगट, आणि एकेक घर भरत गेलात. लाल, हिरवा, पांढरा. नऊ दिवस. लांब रेघ ओढताना तुमचा हात खांद्यापासून चालतो, मनगट हलतच नाही, आणि रेघ संपेपर्यंत श्वास सोडत नाही. मी व्हिडिओ काढलाय, तो कधीच डिलीट करणार नाही.

एप्रिलचे दिवस होते, पारा 42 च्या पुढं. मी पहिल्यांदा दुपारी रंगाची स्प्रे गन चालवली तर रंग पत्र्यावर पोचायच्या आत थिनर उडून जायचं आणि हात फिरवला की रेती लागल्यासारखं. तेव्हापासून तुम्ही पहाटे साडेपाचला यायला लागलात, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवायची, हळू वाळणारं थिनर घालायचं, आणि आठ वाजता गन बंद म्हणजे बंद. जुना बाजार ओलांडून सायकलवर, त्या वयात, दुसऱ्याच्या हौसेसाठी.

मागं हॉर्न ओके प्लीज लिहा म्हणून मी हट्ट धरला होता, जुन्या गाडीला शोभतं म्हणून. तुम्ही सांगितलंत की 2015 पासून महाराष्ट्रात त्याला बंदी आहे, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून, आणि त्याच जागेत तेवढ्याच वळणदार अक्षरात "अंतर ठेवा" लिहून दिलंत. तुमच्या "ळ" ची गाठ बघायला हवी होती म्हणून "सोलापूर" सोबत "फाळका" पण लिहायला लावणार होतो, असू दे. रंग बदलला की आरसीवर नोंद करावी लागते हे पण तुम्हीच आठवण करून दिलंत, नाहीतर मी तसाच फिरलो असतो.

अण्णा, तुम्ही मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारी लिपींत पाट्या लिहायचात, दुकानांच्या, लग्नाच्या, निवडणुकीच्या भिंतींच्या. मग फ्लेक्स आला, रेडियमवाले आले, आणि तुमचे ब्रश डब्यात गेले. मी एक दिवस विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात की पोरांना दुसरं काम मिळालं, बरं झालं. मला मात्र ते बरं वाटलं नाही, अजून वाटत नाही. ज्या शहरात इतकी हातानं लिहिलेली अक्षरं होती तिथं आता मला दुसरा पेंटर शोधून सापडत नाही.

नऊ दिवसांचे पैसे घेतलेत, पण घासाई, पहाटेचे रंग, ती सगळी वरची मेहनत तुम्ही हिशेबात धरलीच नाहीत. मी पाकीट पुढं केलं तर शेंगा चटणीचा डबा तेवढा ठेवून घेतलात.

डाव्या दारावरचं गावाचं नाव राहिलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतील तेवढी विश्रांती घ्या, कसलीच घाई नाही. दाराला प्रायमर आहे आणि वर ताडपत्री टाकलीय. तुमचा लांब केसांचा ब्रश माझ्याकडं राहिलाय तो टर्पेंटाइनमध्ये धुऊन, तुम्ही दाखवलं तसं तेल लावून, केस सरळ करून आडवा ठेवलाय, उभा नाही ठेवला.