चपाती सोडू नकोस, आधी तपासणी कर

विश्रामबाग, सांगली

प्रिय नीलू,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. म्हणून पत्र. निवांत बसून वाच.

सगळ्यात आधी हे ऐक: उद्या सकाळपासून चपाती परत सुरू कर. गहू बंद केल्यापासून पोट हलकं वाटतंय, आता तपासणीला पैसे कशाला घालायचे, असं तू लिहितेस. अगं, घोटाळा होतो तो तिथंच. सिलिॲक, म्हणजे मला आहे तो गव्हानं आतडं बिघडवणारा आजार, त्याची जी रक्ततपासणी असते, टीटीजी-आयजीए नावाची, ती ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, शोधत नाही. ग्लूटेन पोटात गेल्यावर आपलं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं आणि प्रतिद्रव्यं तयार करतं, ती मोजते. गहू थांबवला की ती हळूहळू उतरतात. मग आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि तू जन्मभर 'मला आहे की नाही' करत बसशील. ज्यांनी गहू सोडून बरेच दिवस झालेत त्यांना डॉक्टर परत काही आठवडे गहू खायला लावतात आणि मग तपासतात. तुझं आत्ताच थांबलंय तोवर सांगते. आणि रक्त देताना एकूण आयजीएसुद्धा बघायला सांग, ही तपासणी ज्या जातीची प्रतिद्रव्यं मोजते तीच ही. काहींच्या अंगात ते मुळातच कमी असतं, मग टीटीजीचा आकडा चांगला दिसतो आणि आपण फसतो.

'जुलाब होत नाहीत म्हणजे तुला हे नसणारच' असं तुझ्या वहिनी म्हणाल्या म्हणे. मला कुठं कधी जुलाब झाले? माझं हिमोग्लोबिन 8 च्या वर हलायचं नाही, एवढंच. सारखं तोंड यायचं, केस विंचरले की कंगवा भरायचा, जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेतल्या. बीट झालं, खजूर झाला, गूळ-शेंगदाणे झाले, सासूबाईंनी लोखंडी कढई काढून दिली. 'बायकांचं रक्त कमीच असतं' हे तर मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता राग येणंही बंद झालं. गोळी पोटात जातेय तर रक्तात का उतरत नाही, हे विचारलं ते मिरजेच्या पोटाच्या डॉक्टरांनी. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲकचा पहिला मार बसतो तोही तिथंच. हे कळल्यावर मला आजाराचं वाईट वाटायच्या आधी त्या कढईचं हसू आलं.

घशातून दुर्बीण घालून आतडं बघतात त्याला तू घाबरली आहेस, ते सोड. उपाशीपोटी बोलावतात, घशात बधिर करायचा फवारा मारतात (तो कडूझार असतो, एवढाच त्रास), डाव्या कुशीवर झोपवतात. आत गेल्यावर आतड्याचे इवलेसे चार-सहा तुकडे घेतात, ते घेतलेले कळतही नाहीत. एकावर भागत नाही, कारण इजा सगळीकडे सारखी नसते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्न शोषलं जातं. माझ्या रिपोर्टात ती झिजून सपाट झालेली होती. गहू कायमचा बंद केला की ती परत येते, पण आपल्या वयात त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. औषध असं काही नाही. पथ्य हेच औषध.

घरी पहिली प्रतिक्रिया काय, तर 'आमच्या सात पिढ्यांत कुणाला गहू बाधला नाही, हे सगळं मोबाइलमधून आलेलं खूळ.' तेव्हा मी सासूबाईंना डिकेची गोष्ट सांगितली. विलेम डिके हे हॉलंडमधले मुलांचे डॉक्टर. सिलिॲकच्या मुलांना गहू बाधतो हा त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनचा. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथं पाव मिळेनासा झाला, लोक उपाशी मरत होते, आणि त्यांच्या वॉर्डातली ही आजारी पोरं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती परत खंगली. सासूबाई गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'बिचारी पोरं.' त्या दिवसापासून माझी भाकरी त्याच थापतात.

आता जेवणाचं. तू 'जगायचं कसं' असं लिहिलंयस, पण नीलू, आपण कुठं राहतो बघ. उत्तरेत हा आजार जास्त सापडतो आणि तिथं दोन्ही वेळा ताटात गहूच. आपल्याकडं शाळूची भाकरी आहे, बाजरी आहे, नाचणी आहे, भात आहे. अख्खा मसूर भाकरीबरोबर खाल्ला तर काय बिघडतं? उलट तोच खरा. आणि आपले उपवासाचे दिवस तर माझ्यासाठी सणाचे. भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळं चालतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, मी तिप्पट खाते. ग्लूटेन-फ्री म्हणून मिळणारी महागडी बिस्किटं घ्यायच्या फंदात पडू नकोस. किंमत सोन्याची आणि चव भुशाची. घेतलंसच काही, तर पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापलेलं बघून घे. आपल्या कायद्यानं तसं लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही.

अवघड आहे ती गिरणी. ज्वारी कितीही शुद्ध असू दे, तिच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि ते पीठ दगडात, पत्र्यात, हवेत सगळीकडे. सुरुवातीला आमचे गिरणीवाले मामा सकाळी पहिलं दळण माझं घ्यायचे, आधी माझेच मूठभर तांदूळ घालून गिरणी झाडून काढायचे. भला माणूस. पण भिंतीवरचं पीठ कोण झाडणार? शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गहू जात नाही. शेजारच्या काकूंनी 'एक पायली फक्त' म्हणून मागितलं, त्यांना नाही म्हटलं, तेव्हापासून त्या जरा घुश्शातच असतात. असू देत. तवा वेगळा, परात वेगळी, तळणीचं तेल वेगळं.

तुझ्या घरी खपली गहू येतो मला माहितेय. 'खपली चालते, ती हलकी' असं तुला दहा जण सांगतील, त्यातले दोघे छातीठोक सांगतील. मधुमेहाचं काय ते त्यांचं ते बघोत, पण खपली हाही गहूच, ग्लूटेन त्यातही आहे. खपलीची खीर मला किती आवडायची ते तुला सांगायला नको. जवातही असतं, त्यामुळे माल्ट घातलेली दुधातली पावडर बंद. हिंगाचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. डबीतला बांधानी हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो, म्हणजे आमटीतून रोज चिमूटभर. तांदळाच्या पिठातला मिळतो, डबीवर वाचून घे. कुरडई गव्हाच्या चिकाची, ती गेली. थालीपिठाच्या भाजणीत गहू, चकलीच्या भाजणीत कुणी घालतं कुणी नाही, विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही. भडंग मी घरीच करते, आणि तुमचे कंदी पेढे निर्धास्त खाते. ते पथ्यात बसतात हा साताऱ्याचा माझ्यावर उपकार.

पण खरं सांगू? पथ्य सांभाळणं जेवढं जड नाही, तेवढं 'एवढ्यानं काय होतंय' ऐकणं जड आहे. आत्याकडं सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा रव्याचा. आत्या म्हणाली, देवाच्या प्रसादानं कुणाला बाधलंय का कधी? मी हातावर घेतला, कपाळाला लावला आणि शेजारच्या पोराला दिला, वर प्रसादातलं केळं मागून घेतलं. आत्याचं तोंड वाकडंच. तिला कसं समजावू की एका चपातीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक तुकडा रोज पोटात गेला तरी काही महिन्यांत आतडं परत बिघडू शकतं? पोटात दुखलंच पाहिजे असंही नाही. दुखत नाही म्हणून चालतंय, असं याच्यात धरता येत नाही. पुरणपोळीच्या दिवशी मी वाटीत पुरण घेते, वर दूध-तूप. पहिल्या होळीला डोळ्यांत पाणी आलं होतं. आता 'पोळी वजा करून मला जास्त पुरण' असा भाव करते.

तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पोरीला आणि भावालाही तपासून घे. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहांत एकाला सापडण्याइतकी शक्यता असते. माझ्या धाकट्याला काहीच त्रास नव्हता, आणि निघालं. जनुकांची एक तपासणी आहे, डीक्यू2 आणि डीक्यू8 ची. त्यात दोन्ही नाहीत असं आलं तर बहुतेक सुटलो. आहेत असं आलं तरी घाबरायचं नाही, धडधाकट माणसांतही ती पुष्कळांना असतात.

आणि निगेटिव्ह आला तर चपाती खा, माझ्यावर उपकार म्हणून सोडू नकोस. तेव्हा पोट दुखायचं दुसरं कारण शोधायला लागेल, तेही शोधू. रक्त द्यायला जाशील त्या दिवशी कळव. मिरजेला दाखवायचं ठरलं तर मुक्काम इथंच, हे स्टँडवर घ्यायला येतील.

तुझी,
सुधा

ता. क. तुझी आई पोट बिघडलं की मऊ भात आणि मेतकूट देते ना? मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो. रिपोर्ट येईपर्यंत खा, नंतर मात्र काकूंना सांग की पुढच्या खेपेला गहू गाळून करा. त्यांना पटलं नाही तर मी येताना करून आणते.